गुरुवारचे तीस ब्रेक

भोसरीच्या एमआयडीसीला गुरुवारी सुट्टी असते. बाकीचे सहा दिवस ज्या रस्त्यांवर ट्रेलर, टेम्पो आणि शिफ्ट सुटलेल्या माणसांच्या दुचाक्या एकमेकांना इंचभर वाट देत नाहीत, त्याच रस्त्यांवर गुरुवारी सकाळी मधोमध कुत्री झोपलेली दिसतात. या रिकाम्या रस्त्यांसाठीच भालेरावकाका गाड्यांचे ब्रेक पॅड फक्त गुरुवारी बसवायचे.

इतर दिवशी गाडी नेली तर ते चाक खोलून बघायचे, कोणते पॅड लागतील ते सांगायचे आणि गुरुवारी या म्हणायचे. पॅड अगदीच संपलेले असले तर गाडी दुकानासमोर ठेवून घ्यायचे आणि माणसाला रिक्षाने घरी पाठवायचे. रविवारी सुट्टी असणारी आयटीतली मंडळी यावर चिडायची. ब्रेक बसवायला मुहूर्त लागतो का, असं एकाने विचारलं होतं. काका शांतपणे म्हणाले, "बसवायला तासभर पुरतो राव. सेट करायला रस्ता लागतो. रविवारी मोकळा रस्ता कुठं मिळत असेल तर सांगा, मी येतो."

नवे पॅड घालून गाडी लगेच गर्दीत घालायची नाही, हा त्यांचा नियम. पन्नासच्या वेगाने जायचं, सावकाश ब्रेक दाबत दहावर आणायचं, पूर्ण थांबायचं नाही, परत पन्नास. असं तीस वेळा. मधे गाडी नुसती पळवून चाकांना वारा लागू द्यायचा. त्याने पॅड आणि चाकाबरोबर फिरणारी डिस्क एकमेकांना ओळखायला लागतात, असं ते म्हणायचे. गाडी मालकाने चालवायची आणि काका शेजारी बसायचे, कारण त्यांना गाडी चालवता येत नव्हती. हे ते कुणालाही बिनदिक्कत सांगत. रोज काळेवाडीहून बसने यायचे, बसने जायचे.

गाडीत बसण्याआधी ते चपला काढून हातात घ्यायचे, पायाखालची मॅट बाजूला सारायचे, अनवाणी तळवे गाडीच्या पत्र्याला टेकवायचे आणि डोळे मिटायचे. मग एकेक ब्रेकला एकेक बोट दुमडायचं. दहा-पंधरा ब्रेक झाले की डोळे न उघडता सांगायचे, पुढच्या उजव्या चाकाची डिस्क किंचित वाकडी आहे, आत्ता चालेल, पुढच्या वेळी बघू. आणि तिसाव्या ब्रेकनंतर प्रत्येकाला एकच प्रश्न विचारायचे, "वाजतंय का?" समोरचा नाही म्हणाला की मगच काम संपलं.

हा प्रश्न ते का विचारतात, हे मला दोन वर्षं कळलं नाही. गिऱ्हाइकाचा मान ठेवायची ही त्यांची पद्धत असेल, असंच मला वाटायचं.

त्यांचं दुकान म्हणजे ट्रकच्या एका वजनकाट्याच्या भिंतीला टेकलेलं पत्र्याचं शेड. टायर नाही, ऑइल नाही, हवा नाही, फक्त ब्रेक. भिंतीवर खिळ्यांना जुने, झिजलेले पॅड टांगलेले. कुणी विचारलं तर त्यातला एखादा काढून हातात द्यायचे. हा एकीकडेच झिजलाय, हा काचेसारखा गुळगुळीत झालाय, हा पाण्यात सडलाय. आधी ते बावीस वर्षं एका कंपनीच्या प्रेस शॉपमध्ये, पत्रा दाबणाऱ्या मशिनवर होते. त्यांचे वडीलही पिंपरीत कामगार होते. कंपनी बंद पडल्यावर बरोबरीच्या माणसांनी कुणी रिक्षा घेतली, कुणी सिक्युरिटीत लागलं. काका एका ब्रेकवाल्याच्या हाताखाली चार वर्षं राहिले आणि मग हे शेड घेतलं. एवढंच त्यांनी स्वतःबद्दल मला सांगितलं, तेही तुकड्या-तुकड्यांनी.

मी परांड्याकडचा. वडील बाजारात हमाली करायचे. आमच्या घरात पदवी घेणारा मी पहिला आणि चारचाकी घेणाराही पहिलाच. चाकणला नोकरी लागल्यावर तिसऱ्या वर्षी मी एक जुनी गाडी घेतली. गाडी घेतली तरी विश्वास नव्हता, म्हणून तिच्यासाठी जे घ्यायचं ते सगळ्यात भारी घ्यायचं असं ठरवलं होतं. फोनवर शोधून लाल खोक्यातले ब्रेक पॅड मागवले. खोक्यावर शर्यतीच्या गाडीचं चित्र होतं. आमच्या कंपनीचीही सुट्टी गुरुवारची, म्हणून कुणीतरी मला काकांचं दुकान दाखवलं.

काकांनी खोकं घेतलं, उघडलं नाही. बाजूच्या स्टुलावर ठेवलं आणि आधी माझ्या गाडीची पुढची दोन्ही चाकं खोलली. जुने पॅड काढून अंगठ्याने चाचपले.

"तुम्ही घाबरून चालवता," ते म्हणाले.

मला राग आला, पण ते खरं होतं. गाडी मी सत्ताविसाव्या वर्षी शिकलो होतो. समोर काही दिसलं की पाय दाबला जायचा.

"घाबरणं वाईट नाही," ते म्हणाले. "पण घाबरायचं तर लांबून घाबरा. मग पाय हळू पडतो."

मग त्यांनी मला डॉक्टरसारखे प्रश्न विचारले. राहता कुठे, मोशीत. जाता कुठे, चाकणला. नाशिक हायवेला वेग किती मिळतो, वीस, तीस, कधीतरी चाळीस. घाट किती वेळा, वर्षातून दोनदा. गाडी रात्री कुठे असते, उघड्यावर. गाडीत कोण बसतं? मी म्हणालो, सध्या मी एकटाच; पुढच्या महिन्यात आई-वडील येणार आहेत, त्यांना घेऊन फिरायचं आहे.

त्यांनी लाल खोकं माझ्या हातात परत दिलं. "हे पॅड चांगले आहेत. पण ते तापल्यावर पकडतात. तुमच्या रस्त्यात ते तापणार कधी? तुमचा सकाळचा पहिला ब्रेक सोसायटीच्या गेटवर लागतो. तिथं शर्यत नसते, तिथं वॉचमन असतो."

घर्षण या विषयावर मी परीक्षेत पानंच्या पानं लिहिली होती. तापमान वाढलं की घर्षण कसं बदलतं, याचे आलेखही काढले होते. पण त्या आलेखाच्या डाव्या टोकाला, जिथे सगळं थंड असतं, तिथे आमच्या गेटवरचा म्हातारा वॉचमन उभा आहे, हे मला कुणी शिकवलं नव्हतं. तरी मी थोडा वाद घातला. भारी माल वाईट कसा असेल, असं विचारलं. काका म्हणाले की माल वाईट नाही, तुमच्यासाठी नाही. शहरात चालवायला पॅड असा हवा की जो थंड असताना पकडेल, पावसात भिजल्यावर पकडेल, डिस्क खाणार नाही आणि ओरडणार नाही. एवढी चार कामं करणारा पॅड साध्या खोक्यात येतो. मग त्यांनी कपाटातून एक करड्या रंगाचं खोकं काढलं. लाल खोकं मी दुसऱ्या दिवशी परत पाठवलं.

महिन्याने आई-वडील आले. वडील पुढे बसले आणि सोसायटीच्या गेटपाशी मी ब्रेक लावल्यावर म्हणाले, "अलगद थांबली रे." तेवढं वाक्य सांगायला मी पुढच्या गुरुवारी काकांकडे गेलो आणि मग जातच राहिलो. कंपनीत दिवसभर इंग्रजी ईमेल आणि हिंदी आरडाओरडा. इथे चहा मिळायचा आणि शिकायला मिळायचं. एक निवृत्त जोडपं नवे पॅड घालायला आलं, तर काकांनी चाक खोलून परत लावलं आणि सांगितलं की पॅड झिजले नाहीत, गाडी उभी राहून डिस्कला गंज चढलाय. रोज सकाळी बाईंना मंडईत घेऊन जा. आजोबा म्हणाले, मंडई चालत पाच मिनिटांवर आहे. काका म्हणाले, "मग लांबची मंडई धरा."

सुनीताताई त्यांच्या जुन्या गिऱ्हाईक. भोसरी गावठाणातल्या. नवरा आजारी पडल्यावर त्याची शाळेची व्हॅन त्या स्वतः चालवायला लागल्या. अकरा मुलं. बोलणं ठसक्याचं, आणि काकांशी तर भांडल्यासारखंच बोलायच्या. "काका, तुमी एकदा तरी माझ्या गाडीला बरं म्हणा की," असं म्हणत हातातली चहाची किटली ठेवायच्या.

एका गुरुवारी शाळेची एक खेप संपवून त्या व्हॅन घेऊन दुकानाकडे आल्या. काही काम नव्हतं. घरी पुरणपोळ्या केल्या होत्या, त्या द्यायला. मी बाहेर स्टुलावर बसलो होतो. व्हॅन वळणावर आली, ब्रेक लागला आणि मला शिट्टी ऐकू आली. बारीक, लांब, सुईसारखी. गाडी थांबली तशी शिट्टी थांबली.

पॅड झिजत आला की त्याला लावलेली एक लोखंडी जिभली डिस्कला घासायला लागते आणि तिचा असा आवाज येतो. मालकाला वेळेत कळावं म्हणूनच ती लावलेली असते. हे मला काकांनीच शिकवलं होतं. म्हणून मी जरा ऐटीत म्हणालो, "काका, ताईंच्या गाडीची जिभली बोलतेय."

काका पाना पुसत होते. त्यांनी माझ्याकडे पाहिलं. "कधी?"

"आत्ता. वळणावर."

"तेच तर मी मंगळवारी सांगत व्हते," सुनीताताई उतरता उतरता म्हणाल्या. "तुमी म्हणाला काय न्हाई, धूळ असंल."

मंगळवारी काय झालं होतं ते मला मागून कळलं. शाळा सुटायच्या घाईत ताई आल्या होत्या. चार दिवस शिट्टी वाजते म्हणाल्या. काकांनी त्यांना गल्लीत एक चक्कर मारायला लावली, स्वतः कडेला उभे राहिले. त्यांना काहीच ऐकू आलं नाही. मग त्यांनी चाकाच्या फटीतून बॅटरी मारली. बाहेरच्या बाजूचा पॅड निम्मा शिल्लक दिसला. चाक न खोलता ते जा म्हणाले.

आता त्यांनी चाक खोललं. बाहेरचा पॅड निम्मा होता. आतल्या बाजूचा नव्हताच म्हणायला हरकत नाही. कागदाएवढा थर उरला होता. पॅड दोन्हीकडून दाबणाऱ्या कॅलिपरची एक पिन अडकली होती आणि सगळा भार आतल्या पॅडवर पडत होता. काका तो पॅड हातात घेऊन उभे राहिले. दोन दिवस, सकाळ-दुपार, अकरा मुलं या पॅडवर फिरली होती.

"सुनीता," काका म्हणाले, "मंगळवारी हा आवाज मला ऐकू आला नाही."

"आवो, त्या दिवशी किती गर्दी व्हती. दोन ट्रेलर उभे व्हते शेजारी. मलाबी नीट येत नव्हता."

"तुला येत होता. तू सांगितलंस. मला बारीक आवाज ऐकू येत नाही. पाच-सहा वर्षं झाली. प्रेसनं कान गेलेत. बोललेलं कळतं, हॉर्न कळतो. शिट्टी कळत नाही."

सुनीताताईंनी पुरणपोळ्यांचा डबा स्टुलावर ठेवला आणि तो नीट ठेवलेला असूनही पुन्हा सरळ केला.

तिसाव्या ब्रेकनंतरचा प्रश्न मला तेव्हा कळला. पायांनी कळेल ते सगळं काका स्वतः तपासत होते. जे कळत नव्हतं, ते मालकाच्या कानांनी ऐकून घेत होते. सहा वर्षं ही पद्धत नीट चालली, कारण ते मालकाचं ऐकायचे. त्या मंगळवारी त्यांनी पहिल्यांदा समोरच्या माणसापेक्षा स्वतःच्या कानावर विश्वास ठेवला होता.

त्या दिवशी दुपारच्या मुलांना ताईंच्या दिराने त्याच्या गाडीतून दोन खेपांत घरी सोडलं. काकांनी व्हॅनला नवे पॅड घातले, पिन साफ करून ग्रीस लावली आणि तीस ब्रेक करून घेतले. दुसऱ्या दिवशी सकाळी ते शाळेच्या गेटसमोर उभे होते, हे मला ताईंनी सांगितलं. व्हॅन थांबली. मुलं उतरत गेली, काका बोटं दुमडत गेले. अकरावं मूल आत गेल्यावर ते बस स्टॉपकडे चालायला लागले.

मला वाटलं, आता दुकान बंद होणार. त्यांची मुलगी चिंचवडला राहायची. ती कधीपासून आता दुकान पुरे करा म्हणत होती. पण पुढच्या गुरुवारी गेलो तर शेडच्या पाटीखाली नवी ओळ रंगवलेली होती. अक्षर त्यांचंच, थोडं तिरकं: "मला बारीक आवाज ऐकू येत नाही. गाडी वाजत असेल तर सांगा. मी चाक खोलेन."

मी म्हणालो, काका, एवढं लिहायची काय गरज होती? यंत्र मिळतं कानाचं. ते त्यांनी मागेच आणलंही होतं. आठवडाभर लावून पाहिलं. भोसरीत ते लावलं की वजनकाट्यावरचे ट्रक डोक्यात शिरायचे आणि ब्रेकची शिट्टी मात्र तशीच हरवलेली. यंत्र डबीत ठेवून दिलं. मला म्हणाले, "इंजिनिअर, गुरुवारी मोकळे असता ना? डिग्री घरी ठेवा, कान घेऊन या."

पाटी वाचून काही लोक आल्या पावली परत गेले. एक जण तर जाता जाता म्हणाला, बहिऱ्याकडे ब्रेक कोण करणार. काकांना ते ऐकू गेलं होतं. मोठ्याने बोललेलं त्यांना सगळं कळायचं. ते हसून म्हणाले, त्याचं बरोबर आहे. पण बरेच जण राहिले. मागच्या सीटवर मी बसायचो. पुढे मालक, शेजारी अनवाणी काका, मागे मी. तीस ब्रेक झाले की काका आधी मालकाला विचारायचे, मग मान वळवून मला. मी लहानपणी शाळेत तोंडी परीक्षेला जेवढा घाबरायचो तेवढा त्या प्रश्नाला घाबरायचो. एखादा आवाज आला की नाही याची खात्री नसली तर मी सांगायचो, पुन्हा एकदा दाबा. काकांना ते आवडायचं.

असं दीड वर्ष चाललं. मग त्यांचे गुडघे गेले. चाकापाशी बसलं की उठताना वजनकाट्याच्या भिंतीचा आधार लागायला लागला. दसऱ्यानंतर शेड सोडायचं त्यांनी ठरवलं. शेवटच्या गुरुवारी दुसरी कुठलीच गाडी घेतली नाही. फोनवर मला म्हणाले, तुमचे पॅड आता संपत आले असतील, घेऊन या.

तेव्हा मी जुनीच गाडी चालवत होतो. काकांनी जुने पॅड काढून अंगठ्याने चाचपले. मी वाट पाहत उभा होतो.

"आता लांबून घाबरता," ते म्हणाले.

चाकं लावायला त्यांना दीड तास लागला. मी हात लावू का विचारलं तर नकारार्थी मान हलवली. घामाने शर्ट पाठीला चिकटला होता. मग चपला हातात घेऊन ते शेजारी बसले, मॅट सारली, डोळे मिटले आणि आम्ही निघालो. बंद कंपन्यांच्या भिंती, कडेला उभे रिकामे ट्रेलर, मधोमध झोपलेली तीच कुत्री. एक बोट, दुसरं बोट. सव्विसाव्या ब्रेकला मला ती ऐकू आली. डाव्या बाजूला, अगदी बारीक. सत्ताविसाव्यालाही आली. पुढच्या दोन्ही वेळा नाही. तिसाव्याला पुन्हा आली.

ती जिभली नव्हती. पॅड नवा असताना ती डिस्कला टेकत नाही. पॅडच्या पाठीमागची पातळ पत्री नीट बसली नसली की असं होतं. धोका काहीच नव्हता. मी दुसऱ्या दिवशी कुठेही नेऊन ती सरळ करून घेतली असती. काकांनी डोळे उघडले. त्यांचा चेहरा थकलेला होता आणि गुडघ्यावर हात होता.

"वाजतंय का?"

नाही म्हणायला मी तोंड उघडलं होतं. मग सुनीताताईंचं ते सरळ केलेला डबा पुन्हा सरळ करणं आठवलं.

"वाजतंय, काका. डावीकडे. बारीक आहे."

त्यांनी माझ्याकडे पाहिलं. सकाळपासून पहिल्यांदा त्यांचा चेहरा हलका झाला.

"चला," ते म्हणाले, "खोलू परत."

भिंत धरून ते पुन्हा खाली बसले. पत्री एका टोकाला उचलली गेली होती. त्यांनी ती काढली, बोटांनी सपाट केली, तिच्या कडेवरून दोनदा नख फिरवलं आणि बसवली. या वेळी ते गाडीत आले नाहीत. गुडघा साथ देत नव्हता. मला म्हणाले, जाऊन या, मी इथं आहे.

मी एकटाच निघालो. आरशात ते दिसत होते. शेडच्या बाहेर, पाटीखाली, चपला हातात, अनवाणी पाय डांबरावर. वळणाशी मी ब्रेक लावला. आवाज नव्हता. पुन्हा वेग घेतला, पुन्हा लावला. नव्हता. आरशात पाहिलं तर काकांनी उजव्या हाताचा तळवा कानामागे धरला होता आणि ते माझ्या दिशेने जरा वाकून उभे होते.

मी काच खाली केली, हात बाहेर काढला आणि नाही म्हणून हलवला.

त्यांनी कानामागचा हात खाली घेतला. मग वाकून चपला जमिनीवर ठेवल्या आणि एकेक करून पायात घातल्या.